चौकटीतली खाच

आमच्या धाकटीचं लग्न दुसऱ्यांदा मोडायच्या बेतात आलं, त्या पावसाळ्यात मी आमच्या घराण्याचा शोध घ्यायला निघालो. हौस म्हणून नव्हे. पूर्वजांचं कौतुक मला तेव्हाही नव्हतं. मेलेल्या माणसांना स्वस्थ पडू द्यावं, अशा मताचा मी होतो. पण धाकटी माझी एकुलती एक बहीण. तिचा आधी ठरलेला मुलगा प्लेगमध्ये गेला होता आणि त्याच प्लेगात आमचे वडीलही गेले होते. धारमध्ये बायका तिच्या मागे तिला पांढऱ्या पायाची म्हणायच्या. ती वळून पाहायची, मग त्या गप्प बसायच्या. आता दुसरं ठरलेलं मोडलं असतं, तर तिला विचारायला कोणी आमची पायरी चढलं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं.

आम्ही सुतार. आमचे पणजोबा तोफखान्याबरोबर कोकणातून माळव्यात आले, तोफांचे गाडे करायला. पुढे तोफा गेल्या, गाडे गेले, आम्ही दारं-खिडक्या करत धारला राहिलो. घरात आजोबा, आई, मी आणि धाकटी. आजोबांचा हात तोपर्यंत चांगला चालत होता. जीभ त्याहून चांगली चालत होती.

धाकटीला देवासच्या एका सुताराच्या मुलासाठी मागणी आली. घर चांगलं, मुलगा शांत, सुपारी फुटली. आणि मग देवकाचं निघालं. लग्नाआधी मांडवात घराण्याचं देवक बसवतात. कुणाचं देवक एखादं झाड असतं, कुणाचं हत्यार. ज्यांचं देवक एक, ते एका रक्ताचे धरतात आणि त्यांच्यात लग्न होत नाही. ही गोष्ट सगळ्यात आधी विचारायची असते. पण आमचे मध्यस्थ घाईचे, त्यांना जेवणाची पंगत आधी दिसायची. त्यांनी विचारलंच नाही. श्रावणात देवासहून निरोप आला की आमचं देवक कळंब, तुमचंही कळंबच असं कळतं, तेव्हा पुढे जाता येत नाही.

मुलाचे वडील मात्र सरळ माणूस होते. निरोपात त्यांनी एक फट ठेवली होती. कधी एखादा माणूस परमुलखातून एकटा येतो, लग्न करून सासुरवाडीत राहतो आणि बायकोकडचं देवक पुढे चालवतो. तुमच्याकडे तसं काही झालं असेल, बापाकडचं देवक वेगळं निघत असेल, तर सांगा. सर्वपित्रीपर्यंत आम्ही थांबतो.

मी आजोबांना विचारलं. ते रंधा मारत होते. आपलं देवक कळंबच, म्हणाले. बापाकडचं का आईकडचं, असं विचारलं, तेव्हा रंधा थांबला. कळंब म्हणजे कळंब, एवढं बोलून ते पुन्हा कामाला लागले. त्यांच्या त्या थांबण्याने मी जास्तच चिडलो. नातीचं आयुष्य अडलंय आणि म्हाताऱ्याला दोन शब्द जड झालेत, असं मला वाटलं आणि मी ते आईला मोठ्याने सांगितलं, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

आजोबांची थोरली बहीण नालछ्याला होती. आम्ही सगळे तिला आत्याबाई म्हणायचो. पणजोबांचं पहिलं घर नालछ्यालाच होतं. दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत मी तिच्याकडे गेलो. ती माझ्या येण्याने इतकी खूश झाली की विषयावर यायला मला दोन वेळचं जेवण जेवावं लागलं. शेवटी मी विचारलं. तिने जराही आढेवेढे घेतले नाहीत. कळंब तिच्या आईकडचं, म्हणाली. तिचे वडील एकटेच आले होते, मागे ना भाऊ ना भावकी. लग्नाच्या वेळी देवकाचा प्रश्न आला, तेव्हा ते नुसते उभे राहिले. मग बायकोचे मामा म्हणाले, आमचं घ्या. तेव्हापासून कळंब.

मला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. सुटलो. देवासच्या लोकांना हेच हवं होतं. उठता उठता मी विचारलं, मग त्यांचं स्वतःचं देवक कोणतं?

"त्यांना देवक नव्हतं," आत्याबाई म्हणाली. "त्यांचं जे काही होतं ते दाराला होतं."

आणि ती मला पणजोबांचं घर दाखवायला घेऊन गेली. घर कधीच विकलं गेलं होतं, आता तिथे एका गवळ्याच्या म्हशी होत्या. चौकट मात्र तीच होती, सागवानाची, काळी पडलेली. आत जाताना उजव्या हाताला, खांद्याच्या थोडी वर, उभ्या लाकडात बोटभर लांबीची तिरकी खाच होती. म्हाताऱ्या आत्याबाईने म्हशींच्या शेणातून वाट काढत त्या खाचेला बोटं लावली आणि ती बोटं ओठांना लावली.

मला त्यात नवल वाटलं नाही. नवल एवढंच वाटलं की इथेही आहे. कारण तशी खाच आमच्या धारच्या घराला होती. गिऱ्हाइकाच्या चौकटीला आम्ही ती कधी पाडत नसू, पण घरच्या चौकटीला पाडायचीच, अशी आजोबांची शिस्त. मला पहिली चौकट शिकवली तेव्हा त्यांनी ती खाचही शिकवली होती, आत काही बसेल अशी खोल. काय बसतं, ते सांगितलं नव्हतं. घरात शिरताना आम्ही सगळे तिला हात लावायचो. दाराच्या पाया पडायची ही आमच्या घरची रीत, असं लोक समजायचे आणि आम्हीही समजायचो. प्रत्येक मराठी घराचे काही ना काही कुलाचार असतातच. आमचे जरा जास्त होते, इतकंच. शनवारी आम्ही हत्याराला हात लावत नसू, लोकांना वाटायचं शनीचं काही आहे. खवले नसलेला मासा आमच्याकडे शिजत नसे. आणि भाद्रपदातल्या शुद्ध दशमीला, शेजारीपाजारी गणपती बसलेले असताना, आमचं दार दिवसभर बंद असायचं. पांढरे कपडे, पाण्याचा थेंब नाही, बाहेरच्याला शिवायचं नाही. चांदण्या दिसल्या की दार उघडायचं.

नालछ्याहून परतताना मी आनंदात होतो. पण धार जवळ आलं तशी ती नुसती उभी राहिलेली पणजोबांची आकृती डोळ्यांपुढून हलेना. सगळ्यांना देवक असतं. ज्याला नाही, तो कोण?

देवासला जाऊन प्रत्यक्ष सांगणं भाग होतं. इंदूरपर्यंत बैलगाडीने आणि पुढे टांग्याने गेलो. मुलाचे वडील टेकडीच्या बाजूला धाकट्या पातीच्या हद्दीत राहत. देवासला तेव्हा दोन राजे, दोन दरबार, आणि गावातून जाताना आपण कुणाच्या राज्यात आहोत ते दुकानदाराला विचारावं लागे. मी त्यांना कळंबाची हकिगत सांगितली. ते मनापासून हसले. घरात गूळ वाटला. मग सुपारी कातरता कातरता त्यांनी सहज विचारलं, तुमचं मूळ देवक कोणतं निघालं? मी म्हटलं, आजोबांना ठाऊक आहे. खोटं नव्हतं ते, पण मी सुपारीकडे बघत बोललो. ते म्हणाले, हरकत नाही, गणपतीच्या दिवसांत मी दोन वडीलधाऱ्यांना घेऊन धारला येतो, आजोबांच्याच तोंडून ऐकू आणि तिथीही धरू.

परत निघताना थोरल्या पातीतल्या रस्त्याने चाललो होतो. दवाखान्याच्या डॉक्टरांचं बिऱ्हाड त्या रस्त्यावर होतं. एक प्रौढ बाई, नऊवारी नेसलेल्या, आमच्या आत्याबाईसारख्याच दिसणाऱ्या, दारातून बाहेर पडत होत्या. बाहेर पडताना त्यांनी उजव्या चौकटीला बोटं लावली आणि ओठांना लावली. मी रस्त्यातच थांबलो. चौकटीवर, आमची खाच असते त्याच जागी, एक लहानशी जस्ताची नळी तिरकी ठोकलेली होती.

मी पुढे होऊन ते काय आहे विचारलं. त्यांना आधी राग आला असावा. कोण, कुठला, सगळं विचारून घेतलं. सुतार म्हटल्यावर त्यांना वाटलं, मी लाकडाचं काही बोलतोय. मग मी आमच्या खाचेचं सांगितलं. त्या एकेक प्रश्न हळू विचारू लागल्या. शनवारी काम करता का? मासा कुठला खाता? वर्षातून एकदा दार लावून बसता का? मी हो, नाही करत होतो.

"दारफाळणी," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसतही होत्या. "दार लावायच्या त्या दिवसाला आम्ही दारफाळणी म्हणतो. अरे, तू आमचा. आम्ही इस्राएल, म्हणजे यहुदी. शनवारी घाणा बंद ठेवतो, म्हणून कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणतात. ही नळी आहे ना, हिच्यात देवाचं वचन लिहून ठेवतात. तुमच्या खाचेत तेच बसायचं असणार. तुझ्या पणजोबांकडे तेवढं नसेल, किंवा असून गेलं असेल."

त्या डॉक्टरांच्या पत्नी होत्या. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. अलिबागकडच्या आपल्या गावाचं, तिथल्या तेलघाण्यांचं, सैन्यात आणि दवाखान्यांत गेलेल्या आपल्या माणसांचं त्या भराभरा सांगत होत्या. इकडे माळव्यात डॉक्टर सोडले तर त्यांना स्वतःचं म्हणावं असं माणूस नव्हतं. माझ्या मनात मात्र एकच चाललं होतं. हे देवासला कळलं तर धाकटीचं काय होणार? कळंबाची अडचण काढायला गेलो आणि तिच्याखालून ही निघाली. मी आलो कशासाठी ते सांगितलं. त्यांनी मुलाच्या वडिलांना ओळखलं, डॉक्टरांचंच औषध असायचं त्या घरात. मी सांगते त्यांना, म्हणाल्या, आम्ही काही वाईट लोक नव्हे.

मी हात जोडले. म्हटलं, बाई, तुम्ही मला पाहिलंच नाही असं समजा.

त्यांचं हसू गेलं. पदर सारखा करत त्या उठल्या.

"बरं," म्हणाल्या. "मी ओळख देणार नाही. पण तुमच्यापैकी कुणी आपण होऊन दिली, तर मला आवरणार नाही, हेही सांगून ठेवते."

दारातून निघताना सवयीने माझा हात त्या नळीकडे गेला. मी तो मागे घेतला. त्यांनी ते पाहिलं. आजही ते आठवलं की कान गरम होतात.

घरी आल्यावर मी आजोबांना कारखान्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी हातातलं किंकरं खाली ठेवलं आणि इस्राएल हा शब्द हळू आवाजात एकदा म्हणून पाहिला. त्यांच्या वडिलांनी तो शब्द त्यांना मरताना सांगितला होता. लोक म्हणतील ते म्हणू दे, पण खाच ठेव आणि ते दार एक दिवस लाव, एवढंच मागितलं होतं. त्या शब्दाचा अर्थ काय, तशी माणसं आणखी कुठे आहेत, हे विचारायच्या आत बाप गेला. पुढची सगळी वर्षं आजोबा एकटेच ते बाळगून होते. आमच्या आजीलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, आजोबा, ते लोक येतील तेव्हा आपलं तासायचं हत्यारच सांगा, वासला. सुताराचं देवक वासला असतं कितीतरी ठिकाणी. कोण तपासायला जातंय?

"न विचारता मी सांगणार नाही," ते म्हणाले. "पण विचारलं तर खोटं बोलणार नाही. बापाने मला फार मागितलं नव्हतं रे."

फळ्यांच्या मागे धाकटी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती भुसा झाडून आत निघून गेली. आईला रात्री कळलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली की माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी त्या दिवशी दार लावलंय, आता मी काय आहे ते मला विचारू नका.

गौरी गेल्या, दशमी आली. आम्ही पहाटे आंघोळी करून पांढरे कपडे नेसलो, दाराला आतून कडी लावली. शेजारी हलवायाकडे गणपती होता, त्याच्या आरतीच्या झांजा भिंतीतून ऐकू येत होत्या. पोटात काही नव्हतं, आणि मला देवासच्या भीतीने भूकही नव्हती. ऊन वर आलं आणि दारावर थाप पडली.

आवाज मी लगेच ओळखला. मुलाचे वडील होते, बरोबर दोन म्हातारे. आधी निरोप धाडतो असं त्यांनी म्हटलं होतं, पण इंदूरपर्यंत कुणाचीतरी गाडी मिळाली आणि ते तसेच निघून आले होते. ते नाव घेऊन हाका मारत होते, थट्टेने विचारत होते की सुतार असून दार अडकलं का. आम्ही चौघं ओसरीत एकमेकांकडे बघत होतो. थट्टा थांबली. थापा जोरात पडायला लागल्या. मग त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, आत माणसं आहेत, चाहूल लागतेय, उघडत नाहीत.

आईने आजोबांचे पाय धरले. एकदाच उघडा, पोरीसाठी उघडा, म्हणाली. आजोबांनी डोळे मिटून घेतले. मला त्या क्षणी त्यांचा संताप आला, पणजोबांचा आला, देवाचाही आला. एका कडीपायी पोरीचा जन्म फुकट जाणार होता. मी उठलो आणि दाराकडे गेलो.

धाकटी माझ्या आधी पोचली होती. ती दाराला पाठ लावून खाली बसली.

"दादा, कडी काढलीस तर मी त्या घरात जाणार नाही," ती म्हणाली. आवाज इतका लहान होता की बाहेर ऐकू गेला नसेल. "आज त्यांच्यासाठी हे मोडलं, तर तिकडे गेल्यावर मला रोज काहीतरी मोडावं लागेल. बसू देत त्यांना."

मी उभाच राहिलो. तिच्या पाठीवर थापांचे धक्के बसत होते, ते दिसत होते. मग बाहेर हलवायाचा आवाज आला. "आज इनका किवाड नहीं खुलेगा भिया, कुलाचार है इनका. तारे निकलेंगे तब खुलेगा. आओ, म्हारे यां बेठो." पावलं शेजारच्या ओट्याकडे गेली.

तो दिवस सरता सरेना. ओट्यावर ते तिघं बसलेत हे आम्हाला कळत होतं. अधूनमधून खोकला ऐकू यायचा. एकदा कुणीतरी म्हणालं, मुलीत काहीतरी खोट असेल, म्हणून लपवतात. धाकटीने ते ऐकलं. तिने गुडघ्यांवर डोकं टेकलं, पण दारापासून हलली नाही.

अंगणातून पहिल्या चांदण्या दिसल्या. आजोबा उठले, धाकटीला हाताला धरून उठवलं आणि स्वतः कडी काढली. शेजारी आरती सुरू झाली होती, दोघे म्हातारे तिकडेच अडकले होते. मुलाचे वडील एकटे आले. चेहरा रागाने काळवंडलेला होता. उंबऱ्याच्या आत ते आले नाहीत. दारातच उभं राहून म्हणाले, बसायला आलो नाही, एकच विचारायला थांबलोय, तुमचं देवक काय?

आजोबांनी त्यांचा हात धरला आणि खाचेवर ठेवला. सुताराचा हात होता तो. त्यांनी खाच बोटाने आतून फिरवून पाहिली.

"हे," आजोबा म्हणाले. "माझा बाप इस्राएल होता. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणतात. कळंब माझ्या आईचा."

"म्हणजे तुम्ही आमच्यातले नव्हे?"

"मी काय आहे ते मला नीट सांगता येत नाही. वासला चालवतो. शनवारी चालवत नाही. आजच्या दिवशी दार उघडत नाही. याच्यापलीकडे मला काही माहीत नाही."

शेजारी झांजा वाजत होत्या. मी भिंतीला धरून उभा होतो. मुलाच्या वडिलांनी खाचेतून बोट काढलं आणि ते बघत राहिले, बोटाला काही लागलं असावं तसे. मग आत आले. ओसरीवर बसले. पाणी मागितलं. आईचा तांब्या हातातून निसटणार होता, तो धाकटीने धरला आणि तिनेच पाणी दिलं. ते प्यायले.

"दिवसभर मी तुम्हाला शिव्या घातल्या," ते आजोबांना म्हणाले. "व्याही दारात आला तरी तुम्ही दार उघडलं नाही. आणि उघडल्यावर देवक विचारलं, तर वासला म्हणून मोकळं होता आलं असतं. मी मान डोलावून घरी गेलो असतो. माझ्याच घरात देवकाबद्दल इतकं खरं कुणी बोललं असेल की नाही, मला शंका आहे."

लग्न होईल, त्यांनी सांगितलं. देवक म्हणून मांडवात वासला बसेल. पण देवासमध्ये याचा शब्द कुणाला कळता कामा नये, बरोबरच्या त्या दोघांनाही नाही. मुलाच्या पाठच्या दोन मुली उजवायच्या होत्या. कळलं तर त्यांना कोणी करणार नाही, आणि मग ते धाकटीलाच दोष देतील, त्यांना स्वतःला आवरता येणार नाही. हे ते तिच्याकडे बघून म्हणाले. धाकटीने मान खाली घालून विचारलं की दरवर्षी गौरीगणपतीला तिला माहेरी धाडतील ना. ती काय विचारते आहे ते त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते म्हणाले, "माहेरपणाला कोण नाही म्हणतं?"

लग्न मार्गशीर्षात देवासला, मुलाकडे झालं. आजोबांनी आयुष्यात प्रथमच धार सोडून इतक्या लांब जायचं कबूल केलं. डॉक्टरांच्या बिऱ्हाडाचं मी त्यांना सांगितलं होतं, पण ते घर कुठलं ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. मुलाच्या वडिलांना तर बाईंची माझी भेट झाल्याचा पत्ताच नव्हता. आम्हाला जिथे उतरवलं होतं तिथून मांडवापर्यंत वाजतगाजत जायचं होतं. वाट कुठली, ते मी निघताना विचारलं. थोरल्या पातीच्या रस्त्याने, कुणीतरी म्हणालं, तो रुंद आहे. बाईंचं घर त्याच रस्त्यावर होतं. दुसऱ्या रस्त्याने चला म्हणावं, तर कारण काय सांगणार?

सनई पुढे, धाकटी बैलगाडीत, मुलाचे वडील सामोरे आलेले, भावकी दोन्ही बाजूंनी. मी आजोबांचा दंड धरून चालत होतो आणि त्यांना सारखं पलीकडच्या बाजूचं काहीबाही दाखवत होतो. बाई दारात उभ्या होत्या. साऱ्या गल्लीतल्या बायका उभ्या होत्या, तशाच. त्यांनी मला पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. शब्द पाळला त्यांनी. मी श्वास सोडला, तेवढ्यात आजोबांचा दंड माझ्या हातातून सुटला.

त्यांनी नळी पाहिली होती. चौकटी बघत चालायची जन्माची सवय, मी ती कशी विसरलो कोण जाणे. ते गर्दीतून सरळ त्या घराच्या पायऱ्या चढले. बाईंच्या शेजारी उभे राहिले, उजवा हात वर केला, नळीवर बोटं ठेवली आणि तिथेच ठेवून राहिले. मग ओठांना लावली.

सनईवाला थांबला. लोक वळून पाहायला लागले. म्हाताऱ्याचं डॉक्टरांच्या दाराशी काय काम, असं मागून कुणीतरी विचारलं. मी मुलाच्या वडिलांकडे पाहिलं. ते नळीकडे पाहत होते. खाचेतून फिरलेलं त्यांचं बोट अंगठ्यावर घासलं जात होतं, त्यांना सगळं कळलं होतं. गाडीत धाकटीने मुंडावळ्या बाजूला केल्या आणि त्यांच्याकडेच बघत राहिली. आता ते काय म्हणतील त्यावर तिचं सगळं होतं.

बाईंना आवरलं नाही. त्या आत गेल्या, नारळ आणि तांदूळ घेऊन आल्या, पायऱ्या उतरून गाडीपाशी गेल्या आणि धाकटीची ओटी भरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओटी भरताना रडणाऱ्या बायका काय कमी असतात? भावकीतल्या बायकांनी पदर सावरून जागा करून दिली. नवरीची ओटी भरायला रस्त्यात कोण आलं, याचा विचार कुणी करत नाही.

मुलाच्या वडिलांनी उपरण्याने तोंड पुसलं. सनईवाल्याला म्हणाले, "वाजवा की, थांबलात कशाला?"

मिरवणूक पुढे निघाली. मी धावत जाऊन आजोबांना खाली आणलं. रागवायचं ठरवलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी नुसता त्यांचा दंड पुन्हा धरला. ते मूठ आवळून चालत होते. मांडवात पोचलो, देवकाच्या वासल्याला हळद लागली, अंतरपाट धरला, कुणीतरी अक्षता वाटत आलं, तरी ती मूठ मिटलेलीच. मी हळूच म्हटलं, आजोबा, हात पुढे करा.

"तिथे काहीतरी होतं रे," ते मला म्हणाले. "इतकी वर्षं मी रिकाम्या जागेला हात लावत आलो. तिथे काहीतरी होतं."

मग त्यांनी मूठ उघडली आणि अक्षता घेतल्या.